मधले सहा दिवस

आमच्या लाइनवर भिंतीला टीव्ही बसला तेव्हा पॅकिंगच्या बायका खूश झाल्या. जेवणाच्या सुट्टीत मालिका बघायला मिळणार म्हणून. लागलं भलतंच. चौकोनांत आकडे, काही हिरवे, काही लाल. डोक्यावर दोन नावं: माझं आणि करिष्माचं. आमचे सुपरवायझर दादासाहेब चाकणचेच, जुन्या गावातले. ते म्हणाले, "ह्याला मॅट्रिक्स म्हनत्यात." त्या दिवसापासून बायका त्याला 'मॅट्रिकचा निकाल' म्हणायला लागल्या. कोण पास आणि कोण नापास, एवढंच त्यातलं सगळ्यांना कळायचं.

मी सुभद्राबाई. वय बावन्न, राग नाकावर. आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवते आणि तिथल्या शेवटच्या टेबलावर मी अठरा वर्षं बसते. तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पार्ट असतो. तो उलटासुलटा करून तीन गोष्टी बघायच्या. तडा गेलाय का, बर राहिलीय का आणि पिनहोल आहे का. बर म्हणजे कडेला उरलेली धातूची बारीक धार, ती बोट फिरवलं की लागते. पिनहोल म्हणजे सुईच्या टोकाएवढं छिद्र. ते बोटाला कळत नाही, डोळ्यालाच दिसावं लागतं. ते सुटलं तर पुढे त्यातून तेल गळतं, आणि ब्रेकचं तेल गळलं तर काय होतं ते सांगायला नको. माझ्या हातून सुटलेला पार्ट थेट खोक्यात जातो. म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं.

डोळे थकतात, त्यामुळे टेबलावर आम्ही दोघी. शुक्रवार, शनिवार, रविवार मी. सोमवार, मंगळवार, बुधवार करिष्मा. एक टेबलावर असली की दुसरी पॅकिंगला. गुरुवारी सगळ्यांना सुट्टी, कारण आमच्या भागात लाइटीची सुट्टी गुरुवारची आणि तीच कंपन्यांनी धरलेली.

करिष्मा परभणीची. चोवीस वर्षांची, कंत्राटावर. तिला पार्ट कसा धरायचा, उजेडाला कसा तिरका करायचा हे सगळं मी शिकवलं. आणि त्या मॅट्रिकच्या निकालात नापास झाली ती हीच पोर. गेल्या चार आठवड्यांच्या मालातले काही पार्ट गिऱ्हाईक कंपनीकडून परत आले होते, त्याचा हिशेब टीव्हीवर होता. माझ्या नावाखाली तडा एक, बर चार, पिनहोल दोन. तिच्या नावाखाली तडा दोन, बर चार आणि पिनहोल एकोणीस. एकोणीसचा चौकोन लालभडक.

दादासाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "पोरी, महिना संपायला आठ दिस ऱ्हायलेत. तवर लाल ऱ्हायलं तर कंत्राटाचं फुडचं लेटर मिळायचं न्हाई. मी न्हाई म्हनत, वरनं आलंय."

करिष्मा खाली मान घालून उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तिचा डोळा माझ्यापेक्षा तेज आहे," मी म्हणाले. "एकोणीस कसे सुटतील तिच्याकडून?"

"बाई, ते मशीन सांगतंय. मी सांगत न्हाई."

बाहेर आल्यावर मी तिच्यावरही चिडले. "तू का गप्प? मिठाची गुळणी धरल्यासारखी?"

"सुटले असतील, ताई," ती म्हणाली आणि पॅकिंगच्या पट्ट्या आवरायला लागली. मला ते काही केल्या पटेना. आणि एखादी गोष्ट पटली नाही की ती उसवून बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

टीव्हीवरचा तो बोर्ड करणारा मुलगा दिग्विजय, हिंजवडीच्या कॉम्प्युटर कंपनीतला. दर सोमवारी येतो आणि आल्यावर पहिली पंधरा मिनिटं ट्रॅफिकला शिव्या घालतो. त्या सोमवारी मी पॅकिंगला होते. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्यासमोरच जाऊन बसले.

"काय मावशी?" तो म्हणाला.

"मी तुझ्या आईची बहीण नाही. सुभद्राबाई म्हण. आणि मला हे सांग, त्या टीव्हीला कसं कळतं कोणी काय सोडलं? पार्टवर तर फक्त तारखेचा शिक्का असतो. नाव कुठे असतं?"

त्याला वाटलं मी भांडायला आलेय. पण मी खरंच विचारत होते. मग त्यानं ताट बाजूला सारलं आणि दोन कागद घेतले.

पहिल्या कागदावर आडव्या तीन ओळी: तडा, बर, पिनहोल. उभे सहा रकाने, सहा दिवसांचे. कुठल्या दिवशीच्या मालात काय सापडलं ते त्यात. हे आकडे दादासाहेबांच्या आठवड्याच्या कागदांवरून, चारही आठवडे मिळून घेतलेले. दुसऱ्या कागदावर आडवे सहा दिवस आणि उभी दोन नावं. त्या दिवशी जी टेबलावर होती तिच्या चौकोनात एक, दुसरीच्या चौकोनात शून्य.

"आता बघा," तो म्हणाला. "डाव्या कागदाची एक आडवी ओळ घ्यायची आणि उजव्याचा एक उभा रकाना. पहिल्याला पहिल्यानं गुणायचं, दुसऱ्याला दुसऱ्यानं, असं सहापर्यंत. मग सगळ्यांची बेरीज. पिनहोलची ओळ पाच, सहा, आठ, एक, शून्य, एक. करिष्माचा रकाना एक, एक, एक, शून्य, शून्य, शून्य. किती झाले?"

मी डाव्या हाताचं बोट आडवं सरकवलं, उजव्याचं उभं. पाच, सहा, आठ. पुढच्यांना शून्यानं गुणलं की गेले. "एकोणीस."

"झालं! हेच मॅट्रिक्सचं गुणन."

खरं सांगते, मला फार मजा वाटली. दोन कागदांवरून तिसरा कागद तयार होतो आणि त्यात पहिल्यातले दोष आणि दुसऱ्यातली नावं समोरासमोर येतात, जी आधी एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. मी विचारलं, "पण मधले सहा दिवस गेले कुठे? डाव्या कागदावर दिवस होते, उजव्यावरही होते. उत्तरात एकही नाही."

दिग्विजय हसला. "ते पोटात जातात. एवढंच बघायचं की दोन्हीकडे संख्या सारखी पाहिजे. इकडे सहा, तिकडे सहा. जुळलं नाही तर गुणताच येत नाही."

मी दोन्ही कागद त्याच्याकडून मागून घेतले. दादासाहेबांकडून त्यांच्या चारही आठवड्यांच्या कागदांच्या झेरॉक्स घेतल्या. ते म्हणाले, "बाई, आता कालेजात जाताय का काय?"

घरी भाजीवर करून बघितलं. एका कागदावर मेथी, वांगं, भेंडी आणि कुठल्या दिवशी किती डबे भरले ते. दुसऱ्यावर कुठल्या दिवशी भाजी मी केली आणि कुठल्या दिवशी आमच्या ह्यांनी, ज्ञानदेवांनी. गुणल्यावर निघालं की महिन्यातली वांगी जवळजवळ सगळी त्यांनीच शिजवलेली. नवरा म्हणाला, "हे सांगायला कागद कशाला लागतो? मला वांगं आवडतं." पण मला कागदावरून कळलं याचंच अप्रूप होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून मी चारही आठवडे आठवड्यागणिक मांडले. दिग्विजयच्या कागदावर दिवस असे होते: सोम, मंगळ, बुध, शुक्र, शनि, रवि. गुरुवार सुट्टीचा म्हणून गाळलेला. दादासाहेबांच्या कागदावर दिवसांची नावंच नव्हती, नुसते एक ते सहा. खाली त्या दिवशी किती माल बनला तो आकडा.

तिसऱ्या आठवड्याच्या सहाव्या रकान्यात माल शून्य.

दिग्विजयच्या हिशेबानं सहावा दिवस रविवार. पण त्या रविवारी मी टेबलावर होते. माझ्या भाचीची सुपारी फुटली तो दिवस. सुट्टी मिळाली नाही म्हणून मी सकाळपासून धुसफुसत पार्ट बघत होते, चांगले चारशेच्या वर. मग शून्य कसं? शून्य माल झाला तो बुधवारी. त्या दिवशी पार्टचा साचा, म्हणजे डाय, तुटली होती, लाइन बंद होती आणि मी न् करिष्मानं मिळून रॅक पुसले होते.

मी तो कागद समोर धरून बसले आणि एकदम उजेड पडला. दादासाहेबांचा एक म्हणजे सोमवार नव्हेच. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी मशिनला नारळ फुटतो आणि आठवडा सुरू होतो. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे, म्हणून तर दादासाहेबांनी ते कागदावर लिहिलं नाही. आणि हिंजवडीत आठवडा सोमवारी सुरू होतो. हे तिथल्या पोरांना इतकं माहीत की त्यांनी ते विचारलं नाही. सहाला सहा जुळले होते. पण हे सहा आणि ते सहा वेगळे होते. तीन दिवसांनी सरकलेले. आणि दिवस गुणाकाराच्या पोटात गेल्यावर कोणाला दिसणार?

मला कॅन्टीनमध्ये ओरडावंसं वाटलं. सुटली पोर! पेन काढून मी दुसऱ्या कागदावरचे दिवस खोडले आणि नवे लिहिले. शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध. त्याप्रमाणे एक आणि शून्य बदलले. मग बोट आडवं, बोट उभं. करिष्माचा रकाना आधी घेतला. तडा एक, बर चार, पिनहोल दोन. वा! माझी विद्यार्थिनी आहे, म्हटलं. मग दुसरा रकाना.

पाच, सहा, आठ.

मी पुन्हा केलं. पुन्हा एकोणीस. शुक्रवार, शनिवार, रविवार माझे होते, तेव्हा एकोणीसही माझे होते. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालून आले होते.

पहिल्यांदा काय वाटलं ते लपवत नाही. कागदाची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत कोंबली. हे फक्त मलाच माहीत होतं. करिष्मासाठी दुसरं काहीतरी करता येईल, दादासाहेबांच्या हातापाया पडता येईल, असं मनाशी म्हणत राहिले. अठरा वर्षं. नवीन कोणी आलं की लाइनवरची माणसं म्हणतात, 'सुभद्राबाईंच्या डोळ्यातून मुंगी सुटत नाही.' ते ऐकायला मला आवडतं, खूप आवडतं. पण दिवस दुरुस्त केल्याशिवाय करिष्माचा लाल जात नव्हता, आणि दिवस दुरुस्त केले की तो माझ्याकडे येत होता. तिसरा कुठलाही मार्ग त्या कागदात नव्हता. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. पुढे चाललेल्या ट्रकचा नंबर वाचायचा प्रयत्न केला आणि तो स्वच्छ वाचता आला. मग वाटलं, कागद चुकला असेल.

पण त्या आकड्यांतली एक गोष्ट मला छळत होती. बर दोघींची सारखी, चार आणि चार. तड्यातही फार फरक नाही. फरक फक्त पिनहोलचा. बर बोटानं कळते, तडा लांबूनही दिसतो. पिनहोलला मात्र जवळचं बारीक दिसावं लागतं. म्हणजे त्या तीन ओळी माझ्या हातांबद्दल काही म्हणत नव्हत्या, फक्त डोळ्यांबद्दल म्हणत होत्या. ट्रकचा नंबर लांबचा होता. सुईत दोरा मी किती दिवसांत ओवला नव्हता ते आठवून बघितलं आणि आठवेना, कारण घरी ते काम नवरा करतो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी करिष्माला म्हणाले, "रिजेक्टच्या लाल पेटीतले पिनहोलवाले काही पार्ट घे. चांगल्यांत मिसळ. वीस होऊ देत. किती मिसळलेस ते मला सांगू नकोस."

"कशाला, ताई?"

"मला बघायचंय."

ती नको नको म्हणत होती. मग तिनं वीस पार्ट मांडले. मी एकेक उचलला, उजेडाला तिरका केला, अगदी तिला शिकवला होता तसा. घाई केली नाही. तीन बाजूला काढले.

"किती राहिले?"

"राहू द्या की, ताई."

"सांग म्हणते ना."

"चार," ती म्हणाली. आणि एक पार्ट उचलून माझ्यासमोर धरला, बोटानं जागा दाखवली. मला तिथं काहीच दिसलं नाही. गुळगुळीत धातू दिसला. ते छिद्र कुठल्यातरी गाडीत गेलं असतं, आणि त्या गाडीत माणसं बसली असती.

मग मात्र मी थांबले नाही. करिष्माला हाताला धरून दादासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. आत जाताना मनात काय होतं तेही सांगून टाकते. मी स्वतःला फार मोठी समजत होते. आपलं नाव लाल करून एका पोरीचं लेटर वाचवतेय, हे काही कोणीही करत नाही, असं.

दादासाहेबांनी दिग्विजयला फोन लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"दिग्विजय, तुमचा आठवडा कधी सुरू होतो?" मी विचारलं.

"सोमवारी. का?"

"आमचा शुक्रवारी."

तिकडे बराच वेळ नुसता टाइप करण्याचा आवाज. मग तो हळूच म्हणाला, "अरे देवा. सुभद्राबाई, म्हणजे दोघींचे सगळे दिवस उलटे लागलेत. पण मग ते एकोणीस..."

"माझे. मी गुणून बघितलंय. आणि आत्ता वीस पार्ट बघून चार सोडून आलेय. कागद बरोबर आहे, माझे डोळे चुकतायत. दादासाहेब, मला टेबलावरून काढा. तिला सहाही दिवस बसवा, जोडीला कोणी मिळेपर्यंत."

दादासाहेब चष्मा काढून पुसत बसले. मग त्यांना करिष्माचा राग आला, बहुतेक माझ्यावर काढता येईना म्हणून. "आन् तू गं? तुजं न्हवतं तर त्वांड का न्हाई उघडलंस? लेटर जायला लागलं हुतं तुजं!"

करिष्मा म्हणाली, "मला वाटलं, ते माझेच हायत."

"तुजं कसं?"

ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "ताई टेबलावर असल्या की पॅकिंगला मी असते. खोक्यात भरताना पिनहोल दिसलं की काढून लाल पेटीत टाकायले मी. सगळे दिसत न्हाईत, पॅकिंगला घाई असते. जे परत आले ते माझ्या हातून सुटलेले. म्हणून लाल माझ्या नावावर लावलंय, असं वाटलं मला. आता ह्यात काय बोलावं?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मला सांगायचं नाही का, गाढवे?"

"तुम्हीच शिकवलं मला," ती म्हणाली. "तुमालाच कसं सांगू, तुमाला दिसंना म्हणून?"

मी खुर्चीवर बसले. तिला वाचवायला म्हणून मी तिला ओढत आणलं होतं.

फोनवर दिग्विजय अजून होता, मी विसरलेच होते. तो म्हणाला, "हे पॅकिंगला पकडलेले आपल्याकडे कुठेच नाहीत. ना ओळ आहे, ना रकाना. टाकायला पाहिजेत. तिच्या नावावर, हिरव्यात. किती पार्ट होते?"

सगळ्यांनी करिष्माकडे पाहिलं.

"मोजले न्हाईत," ती म्हणाली. "दिसला की काढायचा. तीन हायत का चार हायत, कोण मोजतंय?"

"अंदाजानं सांगा ना," दिग्विजय म्हणाला. "आम्ही गुणून काढू."

"मी सांगते," मी म्हणाले. दिवाळीपासूनचे आठवडे, आठवड्याचे तीन दिवस, दिवसाचे तीन नाहीतर चार. डावं बोट टेबलावर आडवं धरलं, उजवं उभं धरलं. पहिल्या शुक्रवारपर्यंत आले आणि पुढे बोट सरकेना. त्या प्रत्येक दिवशी ही पोर माझ्या पाठीमागे उभी होती आणि मी सुट्टीत तिला ऐकवत होते की डोळा कसा पाहिजे, तर माझ्यासारखा पाहिजे.

"सुभद्राबाई?" फोनमधून दिग्विजय म्हणाला. "किती टाकू?"

करिष्मानंच पुढे होऊन फोन उचलला आणि म्हणाली, "नंतर सांगते, दादा. ताई रडायल्यात."